वाट लांबची, विमान लवकर
(लेखांक सहावा)

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान कुठल्या दिशेनं उडेल? शाळेच्या भिंतीवरचा नकाशा ज्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, ते पश्चिमेकडे बोट दाखवतील. डिसेंबर २०१५मध्ये एअर इंडियानं ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमानं जातही तशीच होती. युरोप आणि अटलांटिक ओलांडून सुमारे १३,९०० किलोमीटर, साडेसोळा तासांच्या आसपास.

ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली. बोइंग ७७७ आता पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून जाऊ लागलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला. भागाकार करून पाहा: सरासरी वेग ताशी ८४० किलोमीटरवरून थेट १,०५५! 

इंजिनं बदलली नव्हती, बदलला तो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले आणि जगानं ते वाचलेच नाहीत. हिवाळ्यात या वाऱ्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. अशा प्रवाहात शिरलेल्या विमानाचा हवेतला वेग नेहमीचाच असतो. पण ती हवाच पुढे धावत असते. ९ फेब्रुवारी २०२० रोजी किआरा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. उलट दिशेला त्याच अंतराला एरवीही सात-आठ तास लागतात. मुंबईहून लंडनला जाताना जास्त आणि परतताना कमी वेळ लागतो, तोही याच कारणानं.

मग सर्वांत जवळची वाट कुठली? पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जातो आणि जेमतेम १२,४०० किलोमीटर भरतो. पण त्या दोऱ्याखाली हिमालय आणि तिबेटचं पठार आहे, सायबेरिया आहे आणि देशोदेशींच्या परवानग्याही आहेत. परवानगी गेली की काय होतं, हे फिनएअर या विमान कंपनीला विचारावं. २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. काही विमानं तर ध्रुवावरून वळसा घालू लागली.

तिकिटावर छापलेल्या वेळेत मात्र केवळ उड्डाण नसतं. गेटवरून हलण्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. कंपन्या तो कसा ठरवतात, ते पुढच्या आठवड्यात.