पाहण्याची विद्या

१८९५ साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाच्या अस्थी डोळ्यांना दिसू लागल्या. परंतु दिसणे निराळे आणि ओळखणे निराळे. छायाचित्रातील फिकट डाग क्षयाचा, की निव्वळ बरगडीच्या सावलीचा, हे सांगण्यास डोळा तयार व्हावा लागतो; आणि तो तयार होतो शेकडो चित्रे पाहूनच.

पूर्वी विद्यार्थ्याची मदार आपल्याच रुग्णालयातील फिल्मांवर असे. जो रोग तेथे आला नाही, तो त्याच्यासाठी पुस्तकातच राही. ही उणीव आता संगणकावरील चित्रसंग्रहांनी पुष्कळशी भरून काढली आहे. २००५ साली ऑस्ट्रेलियातील क्ष-किरणतज्ज्ञ फ्रँक गेलार्ड यांनी सुरू केलेल्या ‘रेडिओपीडिया’त देशोदेशींचे डॉक्टर रुग्णाची ओळख पुसून चित्रे ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली छातीची १,१२,१२० चित्रे सर्वांस खुली केली.

मात्र भांडार म्हणजे गुरू नव्हे. छातीच्या ह्या चित्रांना जोडलेली रोगांची नावे संगणकाने वैद्यकीय अहवालांच्या मजकुरातून वेचलेली आहेत. त्यांत चुकाही आहेत. म्हणून जाणता शिक्षक प्रथम निरोगी छाती दाखवितो, मग निदान झाकून दुसरे चित्र पुढे ठेवतो आणि म्हणतो, “काय दिसते, ते आधी लिहा.” लिहून झाल्यावरच उत्तर उघडावयाचे. तयार उत्तरांचे पाठांतर परीक्षेपुरते टिकेल. अपरात्री आलेल्या रुग्णाच्या चित्रावर मात्र रोगाचे नाव लिहिलेले नसते.