घरच्या पडद्यावर चित्र अडखळते तेव्हा

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट १९५५ साली कोलकात्यात प्रदर्शित झाला. १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्याच्या मूळ निगेटिव्हची मोठी हानी झाली. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनी, जे भाग वाचले होते ते हाताने दुरुस्त करून आणि उरलेल्या भागांसाठी अन्य प्रती वापरून, हा चित्रपट पुन्हा उभा केला. २०१५ साली त्याची नवी, अतिशय सुस्पष्ट आवृत्ती रसिकांसमोर आली.

आगीतून वाचवलेला असा चित्रपट आज दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडून घरबसल्या पाहता येतो. मात्र अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहण्यासाठी धावतात, नेमके त्याच वेळी चित्र झटके देऊ लागले, तर सारा रसभंग होतो. संगणक जुना झाला असा निष्कर्ष काढून अनेक जण कोलकात्यातील चांदनी चौक किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथील बाजाराची वाट धरतात. पुष्कळदा या खर्चाची गरज नसते. आधी फ्रेम कोठे हरवते ते शोधावे आणि मगच खरेदीचा विचार करावा, हे या बाबतीतील मुख्य सूत्र होय.

तीन गती, एक पडदा

चलच्चित्र म्हणजे वेगाने एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. चित्रपटात दर सेकंदाला अशा २४ फ्रेम असतात. भारतातील दूरचित्रवाणीने ‘पाल’ पद्धत स्वीकारली आणि तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात. दूरदर्शनचे कोलकाता केंद्र १९७५ साली सुरू झाले, तेव्हापासूनची तेथील प्रक्षेपणे याच गतीची. मोबाइलवर घेतलेली चित्रफीत बहुधा ३० फ्रेमची असते.

संगणकाला जोडलेला पडदा मात्र बहुतेक वेळा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. यालाच रिफ्रेश रेट ६० असे म्हणतात. ३० फ्रेमची चित्रफीत त्यात नीट बसते, कारण प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली की हिशेब पुरा होतो. २४ ने ६० ला भागल्यास अडीच येतात आणि अर्धी वेळ दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी कसरत करावी लागते. एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद, तर दुसरी ५० मिलिसेकंद पडद्यावर राहते. पात्रे स्थिर असताना हे जाणवत नाही. कॅमेरा संथपणे एका बाजूस वळू लागला की हीच विषमता डोळ्यांना खुपते. २५ फ्रेमच्या जुन्या मालिकांचीही ६० च्या पडद्यावर अशीच ओढाताण होते.

यावर उपाय विनामूल्य आहे. आजचे अनेक दूरचित्रवाणी संच ६० प्रमाणेच ५० आणि २४ ही गतीही स्वीकारतात. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदलता येतो. कोडीसारख्या प्लेयरमध्ये चित्रफितीनुसार तो आपोआप बदलण्याची सोय आहे. चित्रपटासाठी २४ आणि दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांसाठी ५० अशी जोडी जमली की झटके थांबतात.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. डिस्कवरील पुष्कळ चित्रपटांची गती प्रत्यक्षात २४ नसून २३.९७६ असते. पडदा नेमका २४ वर ठेवल्यास सुमारे ४१ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते आणि हलकासा धक्का बसतो. झटका असा घड्याळाच्या काट्यासारखा येत असेल, तर २३.९७६ हा पर्याय निवडावा. काही यादीत तो २३ असा दिसतो.

आकड्यांची साक्ष

झटके अनियमित असतील तर प्लेयरलाच विचारावे. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’ या यादीत ‘मीडिया इन्फर्मेशन’ उघडून ‘स्टॅटिस्टिक्स’ पाहिल्यास किती फ्रेम दाखवल्या आणि किती गमावल्या, हे आकड्यांत कळते. चित्र अडखळत असूनही गमावलेल्या फ्रेमचा आकडा शून्यच राहिला, तर दोष बहुधा वर सांगितलेल्या गतीच्या मेळाचा असतो. आकडा वाढत गेला, तर संगणकाला वेळेवर चित्र तयार करता येत नाही, असे समजावे.

त्यानंतर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून चित्रपट चालू ठेवावा. प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या जवळ आणि ग्राफिक्सच्या भागातील ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर, असे दिसल्यास सारा भार प्रोसेसरवर पडत आहे हे उघड होते. चित्रफिती दाबून साठवण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. २००३ सालची एच.२६४ पद्धत जुन्या यंत्रांनाही पेलते. २०१३ सालची एचईव्हीसी आणि २०१८ सालची एव्ही-वन या पद्धती कमी जागेत तीच गुणवत्ता देतात, पण उलगडताना अधिक श्रम घेतात. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये दहा बिटच्या एचईव्हीसीसाठी स्वतंत्र सोय आहे. एव्ही-वनसाठी ती अकराव्या पिढीपासून आली. सोय असूनही वापरली जात नसेल, तर प्लेयरमधील ‘हार्डवेअर डिकोडिंग’ सुरू करावे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. सोयच नसेल, तर त्या चित्रपटाची एच.२६४ मधील आवृत्ती पाहावी. नव्या ग्राफिक्स कार्डाचा विचार त्यानंतरचा.

प्रोसेसर निवांत असूनही फ्रेम गळत असतील, तर मजकूर येण्याच्या वाटेत अडथळा असतो. त्याची कसोटी सोपी आहे. तीच फाइल संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर उतरवून चालवावी. आता चित्र सुरळीत चालले, तर दोष वायफायचा किंवा बाहेरच्या डिस्कचा ठरतो. दाटीवाटीच्या सदनिकांत शेजारपाजारचे राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच मोजक्या वाहिन्यांवर चालतात आणि एकमेकांना अडवतात. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून उत्तम म्हणजे साधी नेटवर्क केबल वापरावी. फोर-के ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे १०० मेगाबिटची जुनी जोडणी तेथे अपुरी पडते.

उष्मा आणि धूळ

चित्रपट पहिला अर्धा तास नीट चालून मग अडखळू लागला, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापू लागला की स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. कोलकात्याचा उन्हाळा, पंख्यात साचलेली धूळ आणि दूरचित्रवाणी संचाखालच्या बंद कपाटात कोंबलेला संगणक, हे तिन्ही एकत्र आले की हे हमखास घडते. वीज बंद करून, पात्यांना बोटाने आधार देऊन पंखा साफ करावा आणि कपाटाची मागील बाजू मोकळी ठेवावी. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दुर्लक्ष करू नये असा इशारा

आतापर्यंतच्या दोषांत फार तर रसभंग होतो. एक दोष मात्र वेगळा आहे. एखादी चित्रफीत दर वेळी त्याच जागी थबकत असेल आणि त्या वेळी डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर असू शकते. अशा वेळी दुरुस्तीचे कोणतेही सॉफ्टवेअर चालवण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मग डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद तपासावी. चित्रपट पुन्हा मिळवता येतो. मुंजीची, लग्नाची किंवा आजीच्या आवाजातील चित्रफीत मात्र एकदा गेली की परत येत नाही.

कॅमेऱ्याच्या जुन्या टेपवरून उतरवलेल्या अशा घरगुती चित्रफितींत हलणाऱ्या आकृतींच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. हा डिस्कचा दोष नव्हे. या फितींत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत नोंदवलेली असते. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ सुरू करून ‘यादिफ टू-एक्स’ हा प्रकार निवडल्यास सेकंदाला पन्नास चित्रे मिळतात आणि हालचाल सहज दिसते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच दृश्याने पुन्हा पारख करावी. आगगाडीचे ते दृश्य यासाठी फार सोयीचे आहे. ते न अडखळता पार पडले, की बाजारात जाण्याचे कारण उरत नाही.