उत्तनचे जाळे आणि रक्तातले सूक्ष्मकण

मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठी उत्तन हे कोळ्यांचे गाव आहे. तेथील जाळी जवळून पाहा. कोणती मासळी अडकणार आणि कोणती निसटणार, हे जाळ्याच्या आसावरून, म्हणजे भोकांच्या आकारावरून ठरते. आपल्या शरीरातही अशी जाळी आहेत, आणि औषधाचे कण कोठे जाणार हे पुष्कळसे त्यांच्यावर अवलंबून असते.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हजारो रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’ हा रोग जडला. त्यावरचे प्रमुख औषध अँफोटेरिसिन-बी. ते बुरशीच्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते. पण आपल्या मूत्रपिंडातील पेशींनाही इजा करते. बुरशी मरावी आणि मूत्रपिंड वाचावे, हे कसे साधायचे?

त्यासाठी हे औषध स्निग्ध पदार्थाच्या इवल्याशा गोळ्यांत बसवतात. या गोळ्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांचा व्यास १०० नॅनोमीटरपेक्षा कमी असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

शिरेतून सोडलेले हे कण रक्ताबरोबर सर्वत्र फिरतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण ६ नॅनोमीटरपर्यंतचेच कण पार होतात. त्यामुळे लायपोसोम लघवीवाटे निसटत नाहीत. यकृत व प्लीहा यांतील भक्षकपेशी मात्र त्यांतील बरेच कण टिपून घेतात. उरलेले कण बुरशीपर्यंत पोहोचतात, तिला चिकटतात आणि तेथे औषध मोकळे होते. वाटेत ते गोळ्यातच राहिल्यामुळे मूत्रपिंडाला त्याची झळ कमी लागते. कमी लागते, पण अजिबात लागत नाही असे नव्हे. म्हणून उपचार चालू असताना डॉक्टर रुग्णाचे रक्त वारंवार तपासतात. त्या वर्षी मे महिन्यात या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा रुग्णांच्या नातेवाइकांची किती धावपळ झाली, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल.

सगळे सूक्ष्मकण सारखे नसतात. लायपोसोमचे स्निग्ध पदार्थ आपल्या पेशींच्या आवरणातील पदार्थांसारखेच असल्याने शरीर त्यांचे विघटन करू शकते. सोन्याचे कण मात्र यकृतात महिनोन्‌महिने पडून राहू शकतात. म्हणूनच नवा कण माणसाला देण्यापूर्वी तो प्राण्यांवर तपासतात: तो कोठे साठतो, किती काळ राहतो आणि कसा बाहेर पडतो?

जाळे टाकण्याआधी कोळी त्याचा आस पाहतो. औषधाचा कण रक्तात सोडण्याआधी शास्त्रज्ञालाही शरीरातील जाळ्यांचा विचार करावाच लागतो.