मोह पाच शर्यतींचा

स्पर्धेची प्रवेशिका माणूस खुर्चीत बसून भरतो आणि शर्यत पाण्यात पोहतो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो. संध्याकाळची वेळ असते, हातात चहाचा कप असतो, सकाळी तलावावर हजार मीटर आरामात पोहून झालेले असतात. समोरच्या छापील कागदावर शर्यतींची नावे आणि त्यांच्यापुढे रिकाम्या चौकटी. खाली बारीक अक्षरात सूचना असते : 'एका स्पर्धकास जास्तीत जास्त पाच वैयक्तिक शर्यतींत भाग घेता येईल.' मराठी माणसाला 'जास्तीत जास्त पाच' असे सांगितले की तो पाचच ऐकतो. मीही तेच ऐकले.

प्रौढांच्या जलतरण स्पर्धा, ज्यांना सगळीकडे 'मास्टर्स' म्हणतात, हा प्रकार अजून पुष्कळांना ठाऊक नाही. नात शिबिराला जाते म्हणून तिला सोडायला आलेले आजोबा स्वतःच चड्डी-टोपी-गॉगल चढवून ब्लॉकवर उभे राहिलेले दिसले, की बाकावरच्या आया एकमेकींकडे बघतात. पण यालाही इतिहास आहे. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांना वाटले की, शाळा-कॉलेज संपल्यावर पोहणे सोडून देणाऱ्या माणसांना पुन्हा पाण्यात आणायचे तर त्यांच्यापुढे स्पर्धेचे आमिष ठेवले पाहिजे. पदक हे निमित्त, प्रकृती हा हेतू. त्यातून १९७० च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या ॲमरिलो या गावी पहिली प्रौढ स्पर्धा झाली. पुढे १९८६ साली टोकियोत पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा भरली. आता जागतिक स्पर्धेत पंचविसाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, आणि पाच-पाच वर्षांचे गट करत शंभरीच्या पुढेही जाता येते. ऐंशी वर्षांच्या माणसाला चाळीस वर्षांच्या माणसाशी झुंजावे लागत नाही, हे या खेळाचे मोठे सौजन्य.

नियमही वयाची बूज राखणारे आहेत. ब्लॉकवरून उडी मारणे जमत नसेल तर काठावरून मारा, तेही नको असेल तर पाण्यात उतरून एका हाताने भिंत धरून सुरुवात करा. बटरफ्लायमध्ये दोन्ही पायांचा तो डॉल्फिनसारखा फटका कंबरेला झेपत नसेल तर ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे आपली बेडकाची लाथ चालते. पण किती शर्यती घ्याव्यात, हे मात्र नियम सांगत नाहीत. ते फक्त वरची मर्यादा सांगतात. जागतिक स्पर्धेत ही मर्यादा पाच वैयक्तिक शर्यतींची असते, आणि ती स्पर्धा कित्येक दिवस चालते. अमेरिकेतल्या प्रौढांच्या संघटनेनेही पाचचाच आकडा धरला आहे, पण तो एका दिवसाचा. मर्यादेच्या आत काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि नेमके तेच आपल्याला येत नाही.

मी आयुष्यभर बँकेत लोकांना हेच सांगत आलो होतो. व्यापाऱ्याला दहा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर झाली म्हणजे दहा लाख उचलता येतात असे नाही. गोदामात आज माल किती आहे, त्यातून मार्जिन वजा जाता काय उरते, ती त्याची ड्रॉइंग पॉवर. माल चार लाखांचा असेल तर पंचवीस टक्के मार्जिन सोडून तीनच लाख उचलायचे. मंजुरीपत्रावर दहा लिहिलेले असोत. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट घ्यायचे ते यासाठीच. कितीतरी खातेदार माझ्याशी यावरून भांडले. 'साहेब, मर्यादा दहाची आहे ना?' मी समजावत असे. आणि निवृत्तीनंतर सहा वर्षांनी मी स्वतः प्रवेशिकेवर पाच खुणा करताना गोदामात डोकावलोसुद्धा नाही.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरमधला रविवार, एका दिवसाची स्पर्धा. माझ्या पाच शर्यती अशा : पन्नास मीटर फ्रीस्टाइल, शंभर ब्रेस्ट, पन्नास बॅक, दोनशे फ्रीस्टाइल आणि पन्नास बटरफ्लाय. यातली बटरफ्लाय मी का घेतली ते प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या वयोगटात तिला फक्त एकच नाव आले आहे, असे मला कळले होते. म्हणजे पलीकडच्या भिंतीला हात लागला की रौप्यपदक नक्की. बटरफ्लाय मला येते, आवडत नाही. पण हमखास पदक समोर दिसत असताना आवडीनिवडी कोण बघतो?

आणि शेवटी होती रिले. ही पाचांत मोजायची नाही, असे पत्रकात लिहिले होते, म्हणून मीही मोजली नाही.

मास्टर्समधल्या रिलेचा हिशेब मोठा मजेदार असतो. चौघांच्या वयांची बेरीज करतात आणि बेरजेवरून गट ठरतो : १६० ते १९९, २०० ते २३९, २४० ते २७९, २८० ते ३१९. वय धरायचे ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला पुरे होणारे. आमच्या चौघांत सर्वांत वडील होते ते निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही त्यांना सरच म्हणतो. सर ७४, दुसरे दोघे ७१ आणि ६९, आणि मी. माझा वाढदिवस २९ डिसेंबरचा, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी मी पासष्टचा असलो तरी कागदावर सहासष्टचा. बेरीज बरोबर २८०. ही बेरीज सरांनीच प्रथम केली, आणि वर्गात फळ्यावर उत्तर लिहावे तशा समाधानाने आम्हाला सांगितली. २८० च्या गटात दुसरा एकच संघ होता. सर बॅकस्ट्रोकने सुरुवात करणार, मी ब्रेस्ट, मग बटरफ्लाय, शेवटी फ्रीस्टाइल. पावसाळ्यापासून सर रोज पहाटे पाठीवर पोहत होते. त्यांनी दुसरी एकही शर्यत घेतली नव्हती. आयुष्यात पदक असे त्यांना कधी मिळालेले नव्हते. शाळेत असताना ते कायम दुसऱ्यांना वाटत आले.

सकाळच्या पहिल्या तीन शर्यती झकास झाल्या. शंभर ब्रेस्टला तर कांस्यपदक मिळाले, आणि ते गळ्यात घालूनच मी पोहे खाल्ले. दोनशे फ्रीस्टाइल संपवून वर आलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. मध्ये वीस मिनिटे होती. खरे म्हणजे त्या वेळात सरावाच्या लेनमध्ये सावकाश दोन-चारशे मीटर पोहायला हवे होते. मी बाकावर पाय पसरून गप्पा मारत बसलो.

पाय लाकडासारखे का होतात, हे मी नंतर नीट समजून घेतले. जोर लावून पोहताना स्नायूंना लागणारी ऊर्जा नुसत्या श्वासातल्या प्राणवायूवर पुरी पडत नाही. शरीर मग साखरेचे घाईघाईने विघटन करते, आणि रक्तात लॅक्टेट वाढते. ते पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. हलके पोहत राहिले तर लवकर, बसून राहिले तर उशिरा. त्यात वय. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वयाबरोबर उतरते. दोनशेवीसमधून वय वजा करा, हा ढोबळ ठोकताळा सर्वांना माहीत असतो. म्हणजे माझ्या त्या वेळच्या वयाला १५५. रक्तदाबाच्या काही गोळ्या ही गती आणखी खाली ठेवतात. थोडक्यात, पंचविशीतला पोरगा एका शर्यतीतून जेवढ्या वेळात सावरतो, तेवढ्यात आपण सावरत नाही. त्याच्या पाच आणि आपल्या पाच या सारख्या नव्हेत.

बटरफ्लायला नाव पुकारले तेव्हा उठताना पोटरीत हलकी कळ आली. तिथेच पंचांना जाऊन 'मी पोहत नाही' असे सांगायला हवे होते. नाव मागे घेण्यात कमीपणा नसतो. उलट वेळेत सांगितले तर पंचांचीही सोय होते. पण मनात हिशेब चालला होता : शुल्क भरले आहे, पदक नक्की आहे. बँकेत याच वृत्तीला आम्ही नावे ठेवत असू. बुडत्या खात्यात गेलेले पैसे वाचवायला आणखी पैसे घालायचे आणि खाते जिवंत आहे असे दाखवायचे. मी ब्लॉकवर चढलो. पस्तीस मीटरवर पोटरीत असा गोळा आला की पाय आहे की नाही हे कळेना. लेनच्या दोराला लोंबकळलो. दोन मुलांनी काठावर ओढून काढले. कोणीतरी तळवा मागे दाबून धरला, कोणी मीठ-साखरेचे पाणी दिले.

रिलेला चाळीस मिनिटे होती. सर येऊन शेजारी बसले. मी म्हटले, "होईल बरं." उभा राहून गुडघा वाकवून पाहिला, आणि ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारायचा नुसता आव आणताच पुन्हा गोळा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ माझ्या जागी पोहायला तयार झाले. ते ६१ वर्षांचे. बेरीज २७५. म्हणजे संघ खालच्या गटात, तरुण साठीतल्यांशी सामना. सरांनी बोटांवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि "राहू द्या" म्हणाले. मग थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला. रागावले असते तर बरे झाले असते.

फेब्रुवारीत त्यांच्या हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरांनी पोहायला हरकत घेतली नाही. शर्यतीत पोहायला घेतली. ती रिले त्यांची पहिली ठरायची होती. आता शेवटचीही तीच, न पोहलेली.

यावरून 'कमीत कमी शर्यती घ्या' असा उपदेश मी करणार नाही, कारण दुसरे टोकही पाहिले आहे. एक बाई दरवर्षी लांबून एसटीने येतात आणि फक्त पन्नास मीटर फ्रीस्टाइल घेतात. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत पोटात गोळा घेऊन बसायचे, मिनिटभर पोहायचे आणि परत गाडी पकडायची. एकदा त्यांचा गॉगल उडी मारतानाच निसटला, आणि वर्षभराची तयारी पाण्यात गेली. एकच शर्यत घेतली की तिच्यावर सगळ्या वर्षाचे ओझे पडते. शिवाय पूर्वी कधी न पोहलेली एखादी शर्यत घेण्यात निर्मळ आनंद असतो. पहिल्यांदाच पोहताना जी वेळ लागेल ती आपली आजवरची सर्वोत्तमच असते.

म्हणून आता मी प्रवेशिका भरण्याआधी स्टॉक स्टेटमेंट तयार करतो. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किती दिवस पाण्यात होतो? जोरात पोहलेले किती, नुसतेच तरंगलेले किती? कार्यक्रमपत्रिकेत दोन शर्यतींमध्ये अर्ध्या तासाहून कमी अंतर असेल तर त्यातली एक खोडायची. दोनशे मीटर आणि बटरफ्लाय या एकेक नव्हेत, दोन-दोन धरायच्या. आणि रिले सर्वांत आधी मोजायची. नियम तिला पाचांत धरत नाहीत, पोटरी मात्र धरते. एकट्याची शर्यत बुडाली तर नुकसान आपले एकट्याचे. रिलेत मात्र आपल्या पोटरीवर दुसऱ्या तिघांच्या सह्या असतात. जामीन राहणे म्हणजे काय, हे मला बँकेपेक्षा त्या बाकावर अधिक कळले.

जपानमधल्या मिएको नागाओका यांनी ऐंशी ओलांडल्यावर गुडघ्याच्या दुखण्यासाठी पोहायला सुरुवात केली. २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, मात्सुयामा इथल्या पंचवीस मीटरच्या तलावात त्या सबंध पंधराशे मीटर बॅकस्ट्रोकने पोहल्या. लागला सव्वा तास आणि वर काही सेकंद. शंभरीत हे अंतर पुरे करणाऱ्या त्या पहिल्याच. २०२१ मध्ये १०६ व्या वर्षी त्या वारल्या. आपल्याला किती झेपते हे नेमके जाणणाऱ्या माणसालाच इतकी लांब मजल मारता येत असावी, असे मला त्यांचा विचार करताना वाटते.

या वर्षीची प्रवेशिका परवा आली. आम्ही तिघे आता ६८, ७१ आणि ७३. चौथे म्हणून सत्तर वर्षांचे एक निवृत्त एसटी कंडक्टर मिळाले आहेत. नदीत पोहायला शिकलेले, पाठीवर झकास पोहतात. बेरीज २८२. सर रोज येतात, सावकाश दहा लेन पोहतात आणि मग बाकावर घड्याळ घेऊन आमच्या वेळा टिपतात. मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसलो.

"किती घेताय?" त्यांनी विचारले.

"दोन. शंभर ब्रेस्ट आणि पन्नास फ्रीस्टाइल. आणि रिले."

सरांनी चष्मा सारखा केला, कागद माझ्याकडून घेतला आणि पेन उघडून परत माझ्याच हातात दिले.

"रिले आधी लिहा," ते म्हणाले.