खोकल्याची बाटली आणि पक्के बिल

थंडी पडली की श्रीगोंद्याच्या वस्त्यांमध्ये घरोघरी लेकरं खोकतात. मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? मग दुकानातून बाटली येते, बिलाशिवाय, आणि तीच बाटली शेजारच्या घरातही जाते. वस्तीत फिरताना आम्ही हे नेहमी पाहतो.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. काहींनी नागपुरात उपचार घेताना जीव सोडला. औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल तब्बल ४८.६ टक्के निघाले. चालते फक्त ०.१ टक्क्यापर्यंत. हे कारखान्यात वापरायचे रसायन, ग्लिसरीनसारखेच गोड आणि दाट. चव घेऊन कोणत्या आईला ओळखू येईल? ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून कच्चा माल तपासणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि कंपनी तपासते की नाही हे पाहायला सरकारी औषध निरीक्षक असतो.

आपल्या राज्याला हे विष नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून मंत्र्यापर्यंतचा कारभार उघडा पाडला. अन्न व औषध प्रशासनही त्यातून सुटले नाही. सरकारी रुग्णालयात मरतो तो गरीबच, हे वेगळे सांगायला नको.

आता घरातले. दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊच नये, पाच वर्षांखाली शक्यतो टाळावे, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवले आहे. औषध दिल्यावर लेकराची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा ते सुस्त पडले, तर औषध थांबवा आणि त्याच घटकेला रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या, फेकू नका.

दुकानात बिल मागायला लाजायचे नाही. त्यावर औषधाचे नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. बॅच कळली नाही तर निरीक्षक तरी काय शोधणार? शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. शिवाय १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार, विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासून मागता येते. हा हक्क डॉक्टर-वकिलांपुरता नाही, कोणाही गिऱ्हाइकाचा आहे.