उठून जाणारं विद्यापीठ

ऑक्सफर्डच्या कारफॅक्स चौकात चौदाव्या शतकात स्विंडलस्टॉक नावाचा एक गुत्ता होता. १० फेब्रुवारी १३५५ या दिवशी, संत स्कोलास्टिकाच्या सणाला, वॉल्टर स्प्रिंगह्यूज आणि रॉजर द चेस्टरफील्ड हे दोघे तिथे मित्रमंडळींसह प्यायला बसले. दोघेही विद्यापीठातले. वाइन पाणचट आहे अशी त्यांची तक्रार. मालक जॉन क्रॉयडन ऐकून घेणाऱ्यातला नव्हता, त्यानं उलट दोन शब्द सुनावले. तेव्हा या विद्वानांनी वाइन त्याच्या तोंडावर फेकली आणि मागोमाग भांडंही त्याच्या डोक्यात घातलं.

कुठल्याही कॉलेजच्या गावात महिन्याकाठी एकदा होतं तसलं हे भांडण. रात्री चार लोकांनी मध्ये पडून मिटवलं असतं तर इतिहासात त्याची ओळसुद्धा आली नसती. पण गाववाल्यांनी सेंट मार्टिनच्या चर्चची घंटा बडवून माणसं गोळा केली, विद्यापीठानं सेंट मेरीची घंटा बडवली, आणि धनुष्यबाण बाहेर आले. दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून सुमारे दोन हजार माणसं काळा झेंडा घेऊन शहरात घुसल्याचं तेव्हाच्या वृत्तान्तांत सांगितलं आहे. तीन दिवस मारामारी चालली. विद्यार्थ्यांची वसतिगृहं फोडली गेली. परंपरेनं सांगितला जाणारा आकडा असा: विद्यापीठाचे ६३ आणि गावातले तीसेक मेले.

पुढचं जास्त नवलाचं. राजा तिसरा एडवर्ड याच्यापुढे प्रकरण गेलं आणि शिक्षा झाली ती गावाला. मेयरला तुरुंगात धाडलं, गावाला दंड बसला. पाव, बिअर आणि वाइन यांचे दर आणि दर्जा तपासायचा अधिकार गावाकडून काढून विद्यापीठाला दिला गेला. म्हणजे वाइन पाणचट आहे की नाही, हे यापुढे वाइन पिणारेच ठरवणार! शिवाय दरवर्षी त्याच तारखेला मेयर, त्याचे हाताखालचे अंमलदार आणि गावातल्या साठ प्रतिष्ठितांनी सेंट मेरीत यायचं, मृत विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना करायची आणि माणशी एक पेनी ठेवायची. मधे धर्म बदलला, राजघराणी बदलली, एका राजाचं डोकंही उडालं, पण ही प्रथा टिकून राहिली. १८२५ साली एका मेयरनं जायला नकार दिला, तेव्हा कुठे तो प्रकार थांबला.

भांडं विद्यार्थ्यांनी फेकलं आणि ४७० वर्षं पेनी गावानं मोजली. राजानं असं का केलं असेल? विद्येचं प्रेम वगैरे ठीक आहे. खरं कारण याच्या दीडशे वर्षं आधीच सगळ्यांना कळून चुकलं होतं. विद्यार्थी उठून जाऊ शकत होते.

बाराव्या-तेराव्या शतकातलं विद्यापीठ म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणायला आपल्याला थोडे कष्ट पडतात. आपल्याला विद्यापीठ म्हटलं की घुमट, कमान, हिरवळ आणि परीक्षा विभागाच्या खिडकीपुढची रांग दिसते. त्या काळी यातलं काहीच नव्हतं. मास्तर खोली भाड्यानं घेत, पोरं जमिनीवर बसत. पॅरिसमध्ये र्‍यू द्यू फुआर नावाची एक गल्लीच होती, तिथे वर्गात बसायला पेंढा पसरलेला असे. १३६६ साली पोपनं फर्मान काढलं की मुलांना बाकावर बसवू नका, जमिनीवरच बसवा, नाहीतर पोरांना गर्व होईल. ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. मास्तर, पोरं आणि थोडी हस्तलिखितं एवढाच संसार. तो रातोरात उचलता येत असे.

बोलोन्याच्या पोरांनी या गोष्टीचा सर्वांत मोठा फायदा घेतला. तिथे कायदा शिकायला येणारे बहुतेक परगावचे, बरेचसे वयानं मोठे, काही चांगले घरचे. परक्या गावात आपलं कोणी नाही म्हणून त्यांनी संघ केला, आणि हा विद्यार्थ्यांचा संघ म्हणजेच विद्यापीठ. मास्तर त्याचे पगारी नोकर. परवानगीशिवाय मास्तरला एक दिवस सुट्टी नाही. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून आधी अनामत रक्कम ठेवायची. घंटा झाली की शिकवायला सुरुवात, पुढची घंटा झाली की लगेच थांबायचं, उशीर झाला तर दंड. अवघड प्रकरण गाळून पुढे गेलं तर दंड. व्याख्यानाला पाचही श्रोते जमले नाहीत तर मास्तरच गैरहजर समजायचे आणि तोही दंड. सगळं वर्ष प्रस्तावनेत घालवायला बंदी होती. नियम मुद्दाम करावा लागला, त्या अर्थी कोणीतरी तसं करत असणार. आपल्याकडच्या काही वर्गांची इथे आठवण होणं साहजिक आहे.

आता घरभाडं. या सगळ्या इतिहासात तत्त्वज्ञानापेक्षा घरभाड्याचा उल्लेख जास्त वेळा येतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. बोलोन्यात गावाचे दोन आणि विद्यार्थ्यांचे दोन असे चौघे मिळून भाडं ठरवत. जो मालक ते मानणार नाही, त्याच्या घरावर बहिष्कार. आणि त्याहून वाद चिघळलाच, तर शेवटचा उपाय गाव सोडण्याचा. १२२२ साली बोलोन्यातून मास्तर-विद्यार्थ्यांचा एक गट निघाला तो पादुआला गेला. तिथलं विद्यापीठ तेव्हापासूनचं. पुढे गॅलिलिओ अठरा वर्षं शिकवत होता तेच. बोलोन्याच्या नगरपालिकेनं हाय खाल्ली. गाव सोडणार नाही अशी शपथ ती मास्तरांकडून आधीपासूनच घेत होती, आणि पोरांना फितवून बाहेर नेणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली. कारण उघड आहे. पोरं गेली तर घरमालक, खानावळवाला, नकलनवीस आणि सावकार सगळे एकदम बसणार.

पॅरिसची कथा १२२९ ची, आणि तिची सुरुवातही दारूच्या बिलावरूनच. कार्निव्हलचे दिवस होते. साँ-मार्सेल वस्तीतल्या गुत्त्यात पैशांवरून बाचाबाची झाली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बडवून हाकललं. दुसऱ्या दिवशी ते दांडकी घेऊन परत आले, गुत्ता फोडला, रस्त्यात दिसेल त्याला मारत सुटले. राज्यकारभार तेव्हा राजमाता ब्लांश हिच्या हाती. तिनं शिक्षेला मोकळीक दिली आणि शिपायांनी जी पोरं हाती लागली ती कापली. मेलेल्यांचा दंग्याशी संबंध नव्हता असं सांगतात. मास्तरांनी दाद मागितली, मिळाली नाही, तेव्हा शिकवणं बंद करून सगळे पांगले. कोणी ऑर्लेआँला गेले, कोणी आंजेला, काहींना इंग्लंडच्या राजानं बोलावून घेतलं. नुकतंच निघालेलं तुलूझचं विद्यापीठ टपूनच होतं. त्यांनी जाहीर पत्रक काढलं: इथे पाव-वाइन स्वस्त आहे, आणि ॲरिस्टॉटलचे जे ग्रंथ पॅरिसमध्ये शिकवायला बंदी आहे ते इथे शिकवले जातात. विद्यार्थी ओढण्याची इतकी अचूक जाहिरात मी आजवर वाचलेली नाही.

दोन वर्षं पॅरिस ओस. शेवटी पोप नववा ग्रेगरी मध्ये पडला. तो स्वतः पॅरिसचाच माजी विद्यार्थी. त्यानं १२३१ साली जे फर्मान काढलं त्यात संपाचा हक्क लिहून दिला. भाडं ठरवू दिलं नाही, कोणाला मारलं, अन्यायानं डांबलं आणि दाद मिळाली नाही, तर विद्यापीठानं व्याख्यानं बंद करावीत. पॅरिसच्या ज्या शैक्षणिक स्वातंत्र्याचे पुढे गोडवे गायले गेले, त्याच्या मुळाशी गुत्त्यातलं एक बिल आहे.

आणि केंब्रिज? ते तर भीतीतूनच जन्माला आलं. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका विद्यार्थ्याच्या हातून एक बाई मेली. तो पळाला. गाववाल्यांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोघा-तिघांना धरलं आणि राजा जॉनच्या संमतीनं फाशी दिलं. रॉजर ऑफ वेंडोव्हर हा बखरकार म्हणतो, तीन हजार लोक ऑक्सफर्ड सोडून गेले. बखरकारांचे आकडे आपण जाणतोच, निम्मे केले तरी पुष्कळ. त्यातले काही केंब्रिजला थांबले. पाच वर्षांनी, १२१४ साली, ऑक्सफर्ड गावानं पडतं घेतलं तेव्हाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: दहा वर्षं निम्मं भाडं, गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५२ शिलिंग, आणि संत निकोलसच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवण. त्या जेवणात पाव, बिअर, सूप आणि मासे किंवा मटणाचा एक पदार्थ असावा, इथपर्यंत लिहून घेतलं होतं. ज्या बाईपासून हे सुरू झालं तिचं नाव कुठे नाही.

या ताकदीला ओहोटी लागली ती पराभवानं नाही, देणग्यांनी. पॅरिसला सोर्बॉन १२५७ मध्ये, ऑक्सफर्डला मर्टन १२६४ मध्ये. श्रीमंत लोक पुण्य मिळवायला कॉलेजं बांधत गेले. जमिनी आल्या, ग्रंथालयं आली, तळघरात वाइनची पिंपं आली. आता उठून जाणार कसं? १३३३ साली ऑक्सफर्डमधल्या एका गटानं तसा प्रयत्न केला, स्टॅमफर्डला जाऊन वर्ग सुरू केले. या वेळी खुद्द विद्यापीठच राजाकडे धावलं आणि राजानं ती मंडळी परत आणवली. त्यानंतर ऑक्सफर्डची पदवी घेणाऱ्याला ‘मी स्टॅमफर्डला शिकवणार नाही’ अशी शपथ घ्यावी लागे, ती थेट १८२७ पर्यंत. घरमालकांना धाक घालणारी संस्था आता स्वतःच घरमालक झाली होती. पॅरिसनं १४९९ मध्ये एकदा पुन्हा संप पुकारून पाहिला. राजा बारावा लुई बधला नाही, आणि तो हक्कच संपला.

मग पोरांची रग जायची कुठे? हायडलबर्गमध्ये याचं उत्तर भिंतीवर रंगवलेलं आहे. विद्यार्थ्यांना विद्यापीठानंच शिक्षा करायची ही जुनी सवलत तिथे विसाव्या शतकापर्यंत चालली, आणि १७७८ ते १९१४ या काळात वापरात असलेला विद्यापीठाचा तुरुंग आजही पाहता येतो. गुन्हे म्हणजे रात्री आरडाओरडा, पोलिसाला शिव्या, शेतकऱ्यांची डुकरं मोकळी सोडणं. द्वंद्वयुद्ध केलं तर मुक्काम लांबे. सुरुवातीचे दिवस पाव आणि पाणी, पुढे व्याख्यानाला जाऊन परत कोठडीत यायची मुभा. खोल्यांना ‘ग्रँड हॉटेल’, ‘पॅले र्‍वायाल’ अशी नावं ठेवलेली. भिंतीपासून छतापर्यंत काजळीनं आणि रंगानं काढलेले टोपीवाले चेहरे, खाली नाव आणि कैदेच्या तारखा. एकदाही आत न जाता पदवी घेणं म्हणजे नामुष्की. बंड राहिलं नव्हतं, त्याचा सोहळा उरला होता. मार्क ट्वेननं आपल्या प्रवासवर्णनात त्यावर मनसोक्त लिहिलं आहे.

जुन्या सवलतींची दुसरी बाजू एवढी गमतीची नाही. केंब्रिज विद्यापीठाला राणी एलिझाबेथच्या १५६१ च्या सनदेनं गावातल्या ‘संशयित’ बायकांना पकडायचा अधिकार मिळाला होता. विद्यापीठाचे प्रॉक्टर संध्याकाळी रस्त्यानं फिरत, विद्यार्थ्याबरोबर दिसलेल्या मुलीला धरत आणि विद्यापीठाच्याच न्यायासनापुढे बंद दाराआड निकाल होऊन तिची रवानगी ‘स्पिनिंग हाउस’ नावाच्या कोठडीत होई. मुलगा हॉस्टेलवर, मुलगी तुरुंगात. १८९१ मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलीला चौदा दिवसांची शिक्षा झाली. आरोप काय, तर विद्यापीठाच्या सदस्याबरोबर चालली. लंडनच्या वरिष्ठ न्यायालयानं हा कायद्यानं गुन्हाच नाही म्हणून तिला सोडलं. देशभर गवगवा झाला आणि १८९४ च्या कायद्यानं हा अधिकार गेला. गावाच्या जाचातून सुटायला पळून आलेल्यांनी उभारलेलं विद्यापीठ अखेर गावातल्या पोरींवर असं उलटलं होतं.

विद्यार्थ्यांची चळवळ नेहमी नव्याच्या बाजूनं असते, हाही आपला एक लाडका समज आहे. मे १८९७ मध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी द्यावी का, यावर केंब्रिजमध्ये मतदान होतं. पोरांनी सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला. सतराशेहून अधिक मतं विरोधात, बाजूनं साडेसहाशेच्या आसपास. जल्लोष करत पुतळ्याचं मुंडकं उपटून त्याचे तुकडे मुलींच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फाटकातून आत कोंबले. ती पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं.

या वर्षांत केंब्रिजला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकत होते. १८९९ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन सीनियर रँग्लर झाले आणि १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा पुढे असलेल्या विनायक सावरकर या विद्यार्थ्याला त्यांनी दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. टिळकांनी ‘केसरी’तून तोफ डागली. परांजप्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण कॉलेज सरकारी अनुदानाच्या आणि मान्यतेच्या धाग्याला टांगलेलं, आणि इथली विद्यापीठं जन्मली तीच मुळी सरकारी कायद्यातून. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते परीक्षा घेण्यापुरतं. इथे पोरं उठून गेली असती तर सरकारचं भाडं बुडणार नव्हतं.

तरीही पोरं एकदा उठून गेलीच. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं, पण त्याच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, अलीगढच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मास्तर-विद्यार्थ्यांनी तंबूत जामिया मिलिया सुरू केलं होतं. पाच वर्षांनी जामिया बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेलं, अगदी तेराव्या शतकातल्या रीतीनं. अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ, काशीत काशी विद्यापीठ, आणि १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी आंदोलन थांबवलं आणि बरीच मुलं गपचूप जुन्या कॉलेजांत परतली, कारण नोकरीच्या अर्जावर राष्ट्रीय विद्यापीठाची पदवी चालत नव्हती. ज्यांनी तग धरला त्यांना पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारनं मान्यता दिली: टिळक विद्यापीठाला अभिमत दर्जा १९८७ मध्ये, तर जामियाला केंद्रीय विद्यापीठाचा १९८८ मध्ये. इमारती तोवर दोन्हीकडे उभ्या राहिल्या होत्या.