सव्विसाव्या मैलापासून पुढे

परमवीरचक्राच्या मानपत्रात काय असावं, हे सिनेमानं आपल्या मनात पक्कं करून टाकलं आहे. हातघाई, आरोळी, शेवटची गोळी. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं मानपत्र वाचायला घ्या, बांधकाम खात्याच्या एखाद्या मुकादमाची रोजनिशीच हाती लागल्यासारखं वाटतं. सकाळी सहाला काम सुरू. दुपारी तीनला डायव्हर्जन तयार. मग पुढचा अडथळा. मधूनमधून मशीनगनचा उल्लेख येतो, तोही ‘आज पाऊस होता’ इतक्या सहजपणे.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात, त्यामुळे बदलीमागून बदली आणि शाळेमागून शाळा. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. खडकीच्या केंद्रात तुकडीतला सर्वोत्तम रिक्रूट म्हणून कमांडंटची छडी त्यांना मिळाली. पुढे ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्धची लढाई, मग हवालदारकी, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी कमिशन. म्हणजे पुढची हकीकत घडली तेव्हा वय एकोणतीस आणि खांद्यावरचा तारा जेमतेम चार महिन्यांचा. पण तो तारा लागण्याआधीची सात-साडेसात वर्षं दारूगोळा, पूल आणि सुरुंग हाताळण्यात गेली होती. मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे.

काश्मीर युद्धात मार्च १९४८ मध्ये भारतीय सेनेनं झांगर परत घेतलं. आता लक्ष्य राजौरी. नौशेरा ते राजौरी हा रस्ता जुना, मोगल बादशहांच्या काश्मीरवारीच्या वाटेवरचा, डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत जाणारा. शत्रूनं तो पद्धतशीरपणे निकामी करून ठेवला होता. कुठे मोऱ्या उडवल्या, कुठे कडा फोडल्या, कुठे चिडाचे मोठाले वृक्ष आडवे पाडले आणि त्यांच्या आजूबाजूला सुरुंग पेरले. वरच्या टेकड्यांवरून मशीनगनी त्या अडथळ्यांवर नेम धरून बसलेल्या. रणगाड्याचा दरारा खरा, पण पट्ट्याखाली सुरुंग फुटला की तो चिखलात रुतलेल्या बैलगाडीपेक्षा वेगळा राहत नाही. अरुंद घाटरस्त्यावर तर पहिला अडला की मागची अख्खी रांग अडते.

सुरुंग शोधण्याची तेव्हाची रीत साधी आणि जीवघेणी. पालथं पडायचं, संगीन तिरकी धरून बोटा-बोटाच्या अंतरावर माती टोचत जायची. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या माथ्यावर दाब देणार. टोकाला काही कठीण लागलं की हातानं माती बाजूला करायची. घाई करून चालत नाही, आणि इथे तर वरून गोळ्या येत होत्या.

८ एप्रिलला सकाळी अकराला, याच रस्त्याच्या सव्विसाव्या मैलाच्या परिसरात, राण्यांची तुकडी रणगाड्यांजवळ सुरुंग काढण्याच्या तयारीत असतानाच उखळी तोफांचे गोळे कोसळले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत खुद्द राणे. त्यांनी उरलेल्यांची फेरजुळणी केली आणि काम सुरू केलं. साडेचारला बरवालीची डोंगरधार सेनेच्या हाती आली. आसपास शत्रू अजून आहे हे माहीत असूनही त्यांनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदायला घेतला, तो रात्री दहापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो वळणरस्ता पुरा झाला आणि ते सर्वांत पुढच्या गाडीत जाऊन बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडं. उतरून सुरुंग लावले, झाडं उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. सव्वासहाला, उजेड जाताना, पाच मोठ्या चिडांचा अडथळा आला, भोवती सुरुंग. राणे तिथेही भिडले होते, पण रणगाड्यांच्या तुकडीच्या सेनाधिकाऱ्यानं रात्रीचा मुक्काम टाकला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे परत त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला रस्ता मोकळा.

याच दिवसांतला एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो, मानपत्रात मात्र तो नाही. राणे आघाडीच्या स्टुअर्ट रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, पुढच्या मातीवर नजर ठेवून रणगाड्याबरोबर सरपटत राहिले आणि दोरी ओढून वरच्या चालकाला ‘थांब’ आणि ‘चल’ सांगत राहिले. पट्टे दोन्ही बाजूंना, डोक्यावर कित्येक टन लोखंड.

पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची नुसती दाटी होती. तीही साडेदहापर्यंत उलगडली. तिथून रणगाडे रस्ता सोडून तावीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत वारला तेव्हा त्याची आतडी जिथे पुरली असं म्हणतात, तेच हे चिंगस. रणगाडे पोचले म्हणजे काम संपलं, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. पण रसद, इंधन, दवाखान्याच्या गाड्या नदीच्या गोट्यांतून कशा जाणार? राणे मागे रस्त्यावरच राहिले आणि अन्न-विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी सहाला परत सुरुवात करून अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता त्यांनी खुला केला.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र मिळालं. त्यातले तिघे रणांगणावरच राहिले. छातीवर पदक लावून घ्यायला दोघेच हयात होते, लान्सनायक करमसिंग आणि राणे. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. त्यांच्या नावाचं एक तेलवाहू जहाज बरीच वर्षं समुद्रावर होतं, कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे.

राजौरी हाती आली १२ एप्रिलला. मानपत्र तिथवर जातच नाही. त्यातली शेवटची नोंद ११ एप्रिलची आहे: रात्री दहापर्यंत काम, पुढचा रस्ता मोकळा करण्याचं.